वाइतेआची फेरमोजणी

सँडरिंगहॅम, ऑकलंड
रविवार, १२ ऑगस्ट २००७

प्रिय नीलू,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम आईकडून लिहून घेतला. माझं अक्षर पाहून तू पत्र बाजूला ठेवशील अशी भीती वाटली. ही लबाडी आधीच कबूल करून टाकतो. पाच महिने झाले, मी फोन उचलला की तू ‘आईला दे’ एवढंच म्हणतेस. मी देतो आणि बाहेर जाऊन उभा राहतो. आई रोज सहाच्या बातम्यांत ख्राइस्टचर्चचं हवामान बघते, हॉस्पिटलातून घरी येताना तुझ्या गाडीखाली बर्फ असेल का म्हणून काळजी करते. आपलं काय बिनसलं ते मी तिला या गुरुवारपर्यंत सांगितलं नव्हतं. तूही सांगितलं नाहीस. माझी लाज तू राखलीस, हे मला कळतं.

तू वाइतेआ बेटावर वर्षभरासाठी डॉक्टर म्हणून गेलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता इथे आम्ही दोघं म्हातारे दिवसभर खिडकीत बसणार. पण तुझ्यामुळे तिथल्या निवडणूक कचेरीला कळलं की डॉक्टरबाईंचे वडील महसूल खात्यात तीस वर्षं होते, निवडणुका घ्यायचे. त्यांनी मला सल्लागार म्हणून बोलावलं. राजाने आपणहून सत्ता सोडल्यानंतरची त्यांची ती दुसरीच निवडणूक. वयाच्या पासष्टाव्या वर्षी कोणीतरी पुन्हा मला ‘सर’ म्हणत होतं. ते दोन महिने मी किती खुशीत होतो ते तू पाहिलंस. शाळेच्या हॉलमध्ये मी टाय लावून शिकवायचो आणि सगळे रबरी चपला, त्या जांडल्स, घालून बसायचे. लोसा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “पापा मोरे, त्या बुटांत तुमचे पाय शिजतील.” दुसऱ्या दिवशी तिनेच मला जांडल्स आणून दिल्या. तेवीस वर्षांची प्राथमिक शाळेतली बाई, पण पेटीला लाखेचं सील लावायला तिच्याइतका सुबक हात मी आपल्याकडच्या जुन्या तलाठ्यांतही पाहिला नव्हता. मी निघालो तेव्हा तिने इथे ऑकलंडला राहणाऱ्या तिच्या आईसाठी एक विणलेली चटई दिली. सिना तिचं नाव. आठवडाभर ऑफिसांची झाडलोट करते आणि रविवारी अवोन्डेलच्या बाजारात तारोचे, म्हणजे अळूचे, कंद विकते. चटई दिल्यापासून मी दर रविवारी तिच्याकडूनच कंद घेत आलो.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा लिहू दे. मतमोजणी स्वच्छ झाली होती, हे मी आजही म्हणेन. हरलेल्यांनी फेरमोजणी मागितली, बाजार जाळला, धक्क्यावरची गोदामं जाळली, आणि सरकारने संचारबंदी लावली, हेही बरोबरच केलं. मी तरुण असताना एका तालुक्यात असाच जमाव जमला होता आणि मी हुकूम द्यायला दोन तास घुटमळलो. मतदान केंद्रावरचे दोन शिक्षक जळून मेले. त्यांच्या बायका माझ्या कचेरीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, ते तू लहान होतीस म्हणून तुला कधी सांगितलं नाही. तेव्हापासून मी ठरवून टाकलं होतं की लोकशाही नवी असते तेव्हा सरकारने कचरून चालत नाही. वाइतेआच्या इथल्या वकिलातीतले लोक माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही बाहेरचे, तुमच्यावर लोक विश्वास ठेवतील, वाइतेआच्या लोकांच्या इथल्या रेडिओवर दोन शब्द बोला. तेव्हा मला ते कर्तव्यच वाटलं.

ज्या दिवशी मी बोलणार होतो त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला होता. तू रडत नव्हतीस, त्यामुळेच मी घाबरलो. तू म्हणालीस, “बाबा, लोसा माझ्यासमोर गेली. फेरमोजणीच्या हॉलमध्ये होती. पाठीत गोळी लागली आहे. तिच्या हातात काही नव्हतं.” मग म्हणालीस, “संध्याकाळी बोलणार असाल तर हे सांगा.” मी हो म्हणालो.

आणि संध्याकाळी मी समोरचा कागद वाचला. पोलिसांचा गोळीबार नाइलाजाने झाला, मेलेले तिघेही जाळपोळ करणारे होते, असं त्यात लिहिलं होतं. त्या ‘तिघेही’ शब्दात लोसाही होती; तिथे मी थांबलो आणि पुढे वाचत गेलो. मनात म्हटलं, एक अपवाद सांगितला तर लोक सगळंच खोटं धरतील, मोजणीही खोटी म्हणतील, पुन्हा आगी लागतील. चौकशी होईल तेव्हा कळेलच. नीलू, हे खोटं कारण नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं, ते मी स्वतःलाही सांगत नव्हतो. काही झालं तरी सह्या होईपर्यंत पेट्या सोडून हलायचं नाही, हे लोसाला आणि तिच्या सोबतच्यांना मीच शिकवलं होतं. दंगल झाली तर काय करायचं, हे शिकवायला मी विसरलो. बाकीचे पळाले आणि लोसा थांबली. ती हॉलमध्ये का होती हे सांगायचं, तर मला माझं नाव घ्यावं लागलं असतं.

त्यानंतर मी अवोन्डेलला जाणं बंद केलं. आईला सांगितलं, तारोने घसा खाजतो. गेल्या रविवारी मात्र तिला मेथी हवी होती म्हणून गेलो आणि गर्दीत सिनाच्या समोरच आलो. ती वाळली आहे. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने कंद पिशवीत भरले, वर दोन जास्त टाकले, आणि हळू आवाजात विचारलं, “पापा मोरे, रेडिओवर तुम्ही बोललात ते मी ऐकलं. चर्चमधल्या बायका आता माझ्या शेजारी बसत नाहीत. तुम्ही माझ्या मुलीला शिकवलं होतं. ती कधी आग लावायला लागली?” तिला मला दोष द्यायचा नव्हता गं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. आपली मुलगी बिघडली आणि आपल्याला कळलंच नाही, असं ती पाच महिने धरून चालली होती. मी पैसे दिले, पिशवी उचलली आणि घरी आलो.

गुरुवारी मी आईला सगळं सांगितलं. तिने उठून माझा कोट आणून दिला. त्याच रेडिओवर जाऊन मी काय लपवलं ते सांगून आलो, माझ्या शिकवणीसकट. तुझं नाव घेतलं नाही. वकिलातीतून फोन आला, तुम्ही एका गरीब देशाच्या तोंडाला काळं फासलंत म्हणाले. असेलही. मोजणी खरी होती हेही मी पुन्हा सांगितलं, पण ते आता कोणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

आज सकाळी सिनाला समोरासमोर सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं. माफ केलं असं नाही, आणि मी ते मागितलंही नाही. तिने फक्त एवढंच विचारलं, की शेवटी लोसाजवळ कोणी होतं का. मी म्हटलं, माझी मुलगी होती. ती म्हणाली, मग तिला म्हणावं, ते शेवटचं मला सांग. त्यासाठी हे पत्र आहे. तू माझ्याशी बोलू नकोस, त्याचा हक्क मी घालवला आहे. पण तिच्याशी बोल. ती पहाटेच्या कामावरून येऊन झोपते आणि तीननंतर घरी जागी असते. नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. तिला इंग्रजी सावकाश बोललेलं कळतं. लोसाने काही म्हटलं असेल तर ते सांग, नसेल म्हटलं तर तेही खरं सांग. तिला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस.

तू उत्तर दिलंस, न दिलंस, तरी तुझाच,
बाबा