एकाच डब्यातला राखाडी

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? ताईकडे शिडी चढायची नाही, म्हणजे बराच असणार. इकडे सगळी ठीक, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही.

जिथून तुम्ही ब्रश धुऊन तडक ताईकडे निघून गेलात, त्या मास्तरीणबाईंच्या दिवाणखान्याबद्दल लिहितो. समोरासमोरच्या दोन भिंतींना तुम्ही दोन वेगळे राखाडी कालवलेत, असं माझं म्हणणं होतं. डबा एकच आहे, असं तुमचं. (मी गिऱ्हाइकासमोर "डोळे तपासून घ्या" असंही म्हणालो म्हणे. तेव्हा जेवण घेऊन आलेल्या आमच्या हिची स्मरणशक्ती अशा बाबतीत दांडगी आहे.) तुम्ही गेल्यावर मी बाह्या सरसावल्या. लाल पडद्याशेजारची भिंत हिरवट दिसत होती, म्हणून समोरच्या भिंतीवरचाच रंग स्वतःच्या हाताने तिला दिला. वाळली, तरी हिरवट! आणखी एक हात दिला. पुन्हा तेच. मग मी दुकानदाराला, ब्रशला आणि हवेलाही शिव्या घातल्या. बाई खुर्चीत शांत बसल्या होत्या (जन्मभर विज्ञान शिकवलेलं, मूर्खपणा बघायची सवय). शेवटी उठून त्यांनी पडदाच काढला. दादा, हिरवटपणा पडद्याबरोबर गेला! पडदा लावला, की परत हजर. "अहो, मेंदू नुसता रंग बघत नाही," बाई म्हणाल्या, "शेजारी काय आहे ते बघून अंदाज बांधतो, आणि तो अंदाजच आपल्याला दाखवतो." गंमत म्हणजे हे कळल्यावरही भिंत मला हिरवटच दिसते. डोक्याला पटलं, तरी डोळे ऐकत नाहीत.

रंग मनगटावर वाळवून बघितल्याशिवाय तुम्ही भिंतीला ब्रश लावत नाही. हे मी तीस वर्षं बघतोय. पण त्या दिवशी मला फक्त तुमचा नवा जाड चष्मा दिसला, आणि पुढचं सगळं माझ्या मेंदूने स्वतःच भरून टाकलं. तुमच्याशिवाय कामावर करमत नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. बाईंना आतल्या खोलीलाही अगदी तोच राखाडी हवाय. डबा माझ्या जादा हातांत संपला आणि कालवण्याचं प्रमाण तुमच्याच डोक्यात आहे. उलट टपाली कळवलंत तरी चालेल.

आणखी एक ता. क. पत्र हिला वाचायला दिलं. "यात माफी कुठेय?" म्हणाली. मी म्हटलं, ओळीओळीत आहे. तिने पत्र पाठपोट पाहिलं, तिला एकदाही दिसली नाही. मला अजूनही स्पष्ट दिसतेय. तरी वेगळी लिहितो: दादा, मी चुकलो. प्रमाण कळवू नका, घरी या.