सहा हजार चारशे बारा माणसांची एक रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा वह्या-पुस्तकांचे बाइंडिंग, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, लिहून ठेवत आहे. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठीक आहे आणि डोके ताळ्यावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नावे, पत्ते आणि क्रमांक वकीलबाईंनी परिशिष्टात घातले आहेत. बाकीचे मी माझ्या शब्दांत लिहिणार, हे त्यांनी नाइलाजाने मान्य केले आहे.

१. सात वर्षांपूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात "माझ्या मुलास काहीही देऊ नये" असे एक वाक्य होते. ते वाक्य माझेच होते, कोणी घालायला लावले नव्हते. ते मी का लिहिले आणि का खोडते आहे, ते पुढे येईल.

२. माझे कारखान्यावरचे दोन खोल्यांचे राहते घर माझ्या मुलाला द्यावे. मागच्या खोलीच्या खिडकीची कडी वर उचलून मग डावीकडे ओढावी लागते. जोर लावू नये.

३. खालचा कारखाना, म्हणजे कापणी यंत्र, सुया, दाभणे, कागदाची घडी दाबायच्या हाडाच्या पट्ट्या, खळीची पातेली आणि सर्व पुठ्ठा, माझ्याबरोबर सव्वीस वर्षे वह्या शिवणाऱ्या सुईवालीला द्यावा. तिचे खरे नाव परिशिष्टात आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मान वर करत नाही. जागा तिला हवी तितकी वर्षे वापरू द्यावी. माझ्या मुलाची याला हरकत नाही, मी विचारले आहे.

४. वह्या दाबायचा लोखंडी शिकंजा माझ्या धाकट्या दिरांनी बावीस वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेला. त्यावर ते जोडे ठेवतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. शिकंजा फिरवायचा दांडा मात्र माझ्याकडेच राहिला. बावीस वर्षांत त्यांनी दांडा मागितला नाही, मी शिकंजा मागितला नाही. आता मागते आहे. भाऊजी, तो सुईवालीला पोहोचता करा. जोडे जमिनीवर ठेवले तरी चालतात.

५. आता मुख्य गोष्ट. माझ्या कारखान्याच्या आतल्या भिंतीवर घडीच्या चौसष्ट वह्या आहेत आणि टेबलाच्या खणात बारा सुटी कार्डे. यांची व्यवस्था सांगण्याआधी त्या काय आहेत ते सांगितले पाहिजे, नाहीतर कोणीतरी रद्दीत घालेल.

आमच्या यांना झटका आला तेव्हा उजवा हात गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितले, रोज एका कार्डावर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढायची. ज्या माणसाने चाळीस वर्षे पट्टीशिवाय सरळ कागद कापला, त्याची रेघ नागमोडी यायची. ते चिडायचे आणि कार्ड फाडून टाकायचे. शेवटचे कार्ड तेवढे त्यांनी फाडले नाही. ते गेले, कार्ड टेबलावर राहिले.

तीन आठवड्यांनी विजेचा मीटर वाचायला एक नवा माणूस आला. मीटर टेबलाच्या मागे आहे. त्याने ते कार्ड पाहिले आणि म्हणाला, "ही रेघ कडेला येऊन थांबलीय की."

मी म्हटले, "मग तुम्ही न्या पुढे."

एक कोरे कार्ड मी यांच्या कार्डाला चिकटून ठेवले. त्याने कानावरची पेन्सिल काढली, यांची रेघ जिथे कडेला गेली होती तिथे टेकवली आणि दुसऱ्या कडेपर्यंत आणली. म्हणाला, "सरळ नाही आली हं." मी म्हटले, "आधीचीही नव्हती." तो गेला तेव्हा माझ्या लक्षात आले की तीन आठवड्यांत कामाव्यतिरिक्त मी बोललेली ही पहिलीच वाक्ये. दुसऱ्या दिवशी मी पिशवीत कोरे कार्ड आणि पेन्सिल टाकून बाहेर पडले.

गेली अठरा वर्षे मी तेच करते आहे. रोज एक कार्ड, रोज एक अनोळखी माणूस. कालच्या माणसाने जिथे सोडली तिथून आजच्याने रेघ उचलायची. कार्डाच्या मागे मी तारीख, जागा आणि तो बोललेले एक वाक्य लिहिते, नाव विचारत नाही. शंभर कार्डे झाली की कापडी पट्टीने जोडून घडीची वही करते. वही उलगडली की रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही तुटत नाही. आजपर्यंत सहा हजार चारशे बारा माणसे झाली. यांचे कार्ड पहिल्या वहीच्या सुरुवातीला आहे, त्याला क्रमांक नाही.

बरेच लोक आधी "मला चित्र येत नाही" म्हणतात. मी म्हणते, मलाही येत नाही. काहींनी मला वेडी ठरवले. एका ट्रकवाल्याने सबंध कार्डभर घाटातली वळणे काढली आणि सहा वर्षांनी मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहायला आला. एका बाईने रेघ काढण्याआधी रुमालाने पेन्सिल पुसून घेतली. भाऊजी याला रिकामटेकडेपणा म्हणतात. असेल. पण या रिकामपणाने मला रोज घराबाहेर काढले.

नियम एकच आहे. ओळखीच्या माणसाला कार्ड मिळत नाही. घरच्यांनी रेघा ओढायला सुरुवात केली तर मला बाहेर पडायचे कारण उरणार नाही, एवढाच त्यात अर्थ.

६. याच नियमापायी मी माझा मुलगा गमावला.

दहा वर्षांपूर्वी त्याचे लग्न झाले. हॉलमध्ये चारशे माणसे आणि त्यातली निम्मी माझ्या ओळखीची, उरलेली त्या दिवसापासून नात्यातली. दुपारी मला वाटले, पाच मिनिटांत समोरच्या रस्त्यावरून कोणाला तरी गाठून येऊ. समोर दवाखाना होता. पायरीवर एक बाई बसली होती. मी कार्ड पुढे केले. तिने हातातला तपासणीचा कागद बाजूला ठेवला, पेन्सिल घेतली आणि रडू लागली. कागदात काय होते ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही. शेजारी बसले. तिने रेघ पुरी करेपर्यंत चाळीस मिनिटे गेली.

परत आले तेव्हा घरच्यांचा एकत्र फोटो काढून झाला होता. फोटोवाल्याला पुढचे काम होते. सगळे व्याही, सगळ्या मावश्या, भाऊजीसुद्धा त्या फोटोत आहेत. नवऱ्या मुलाची आई नाही.

मुलाने विचारले, "कुठे होतीस?"

मी म्हटले, "कार्ड राहिलं होतं."

खरे तेवढेच नव्हते, पण माझ्या तोंडून तेवढेच निघाले. तो म्हणाला, "रस्त्यावरचा कोणीही तुला चालतो. आम्ही तुझे कोण लागतो, ते एकदा सांग." मी म्हटले, आजच्या दिवशी तमाशा करू नकोस. पाहुण्यांच्या देखत म्हटले. ते दोघे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि आमचे बोलणे संपले. नऊ वर्षे. त्यातल्या तिसऱ्या वर्षी नात झाली, ते मला सुईवालीकडून कळले. पत्र लिहायचे सोडून मी वकिलाकडे गेले आणि कलम एकमध्ये सांगितलेले वाक्य लिहून आले.

त्या बाईची सबब मी पुढे करत नाही. हॉलमध्ये एक निरोप पाठवता आला असता. मुलाला संध्याकाळी जवळ बसवून सांगता आले असते. मला माझेच बरोबर वाटत होते.

७. बँकेत माझे जे काही शिल्लक निघेल, त्यातून त्या दवाखान्याबाहेर पाठ टेकता येईल असा एक बाक बसवावा. पायरी फार गार असते. उरेल ते सूनबाईंना द्यावे. त्यांचा यात काडीचा दोष नसताना नऊ वर्षे त्यांना माझ्यापायी माहेरी उत्तरे द्यावी लागली.

८. गेल्या वर्षी माझे मनगट मोडले. सुईवालीने मला न विचारता मुलाला फोन केला. तो आला तेव्हा मी प्लास्टर घालून घ्यायला गेले होते. थांबल्या थांबल्या त्याने भिंतीवरच्या वह्या काढल्या आणि आपल्या लग्नाची तारीख शोधली.

मी परतले तर तो पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला होता, वही मांडीवर. कार्डाच्या मागे मीच लिहिलेले होते: "दवाखान्याची पायरी. 'हात थरथरतोय, चालेल ना?'" त्याने ते मला वाचून दाखवले आणि विचारले, "आजारी होती?" मी मान हलवली. मग त्याने पुढचे कार्ड दाखवले. "आणि हे? लग्नानंतरचं पुढचं कार्ड साडेचार महिन्यांनी. मधले दिवस कुठे गेले?"

"एकशे एक्केचाळीस दिवस," मी म्हटले. "बाहेर पडावंसं वाटलं नाही."

अठरा वर्षांत एरवी फक्त एकवीस दिवस चुकले, तेही तापाने. त्याने वही नीट घडी करून जागेवर ठेवली. मग टेबलावरचे कोरे कार्ड उचलून म्हणाला, "नऊ वर्षांत आपण एक शब्द बोललो नाही, आई. आता तरी मी अनोळखी झालो असेन. दे ती पेन्सिल."

मी म्हटले, "नाही."

"का?"

"तू माझा मुलगा आहेस. तुला कार्ड मिळायचं नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. सुईवाली विनाकारण दोरा ओवत बसली. शेवटी तो म्हणाला, "चहा तरी मिळेल का?" एका हाताने केला, पांचट झाला होता, त्याने दोन कप घेतला.

९. चौसष्ट वह्या आणि पुढे होतील त्या सर्व सार्वजनिक वाचनालयाला द्याव्यात. ग्रंथपालांनी कपाट रिकामे केले आहे. एका कलादालनाचे व्यवस्थापक शंभर निवडक कार्डे मागत होते, "चांगली चांगली" असे त्यांचे शब्द. निवडली की रेघ तुटते, म्हणून त्यांना देऊ नयेत. वकीलबाईंनी शंका काढली की या रेघांची मालकी कोणाची. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "रेघा त्यांच्या, कागद तुमचा." तेव्हा मी कागद देते आहे. कोणी येऊन "यात माझी रेघ आहे" म्हटले तर तारीख विचारून वही उघडून दाखवावी, हवा तितका वेळ बसू द्यावे. कार्ड कापून देऊ नये. माझ्यानंतर हे पुढे चालवण्याची सक्ती कोणावरही नाही.

१०. मुलगा महिन्याभराने पुन्हा आला तो सूनबाईंना आणि नातीला घेऊन. नात सात वर्षांची. दारात उभी राहून तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि बापाला विचारले, "ह्या कोण?"

त्या दिवसाचे कार्ड व्हायचे होते. मी तिला आत बोलावले, खुर्चीवर उशी ठेवून बसवले आणि पेन्सिल दिली. तिने रेघ खाली नेली, वर नेली, मध्ये एक गोल घेतला आणि कडेला आणून सोडली. मागे मी लिहिले: "कारखाना. 'ह्या कोण?'"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली आणि सरळ टेबलाशी आली. "आजी, आजचं कार्ड दे."

मी म्हटले, "आता तुला नाही मिळायचं."

तिने भोकाड पसरले. सूनबाई धावत आल्या, मुलगा दाढी अर्धी टाकून आला. मी तिला मांडीवर घेतले. बराच वेळ ती गप्प होईना, आणि मलाही ती लवकर गप्प व्हावी असे वाटत नव्हते.

माझ्या हाडाच्या पट्ट्यांपैकी सर्वांत लहान, पिवळी पडलेली पट्टी तिला द्यावी. कलम तीनमधून तेवढी वगळावी.

येणेप्रमाणे वाचून, समजून आणि दोन ठिकाणी खाडाखोड करून सही केली.

ठिकाण: कारखाना, कापणी यंत्राशेजारचे टेबल
दिनांक: सोळा, मंगळवार, सकाळी अकरा

सही: बाइंडिंगवाल्या बाई

साक्षीदार: शेजारच्या दातांच्या दवाखान्यातील परिचारिका. बाईंनी माझ्यासमोर सही केली, हात स्थिर होता.

साक्षीदार: ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय. मीही पाहिले. सही झाल्यावर बाईंनी पिशवी उचलली आणि आजचे कार्ड व्हायचे आहे असे सांगून बाहेर गेल्या.