ट्रकवरचा स्टिरिओ

१७ मार्च १९९६
नवा कॅसेट डेक आणला. दोन माइक, हेडफोन. अख्ख्या नेरुळमध्ये साउंड कळणारा माणूस मी एकटाच, हे मी सांगत फिरत नाही. लोकांना आपोआप कळतं. अजून कळलेलं नाही.
भीमजयंतीच्या मिरवणुकीत दरवर्षी महिला मंडळाच्या बायका ट्रकवर उभ्या राहून गातात. एक माइक, एक भोंगा, सगळा कालवा! यंदा कॅसेट वाजवायची. माझ्या बायकोचं, संघप्रियाचं गाणं, तिनंच जुळवलेलं, अस्सल स्टिरिओत. ठरलं.

१८ मार्च
बायको म्हणाली, तोंडानं गातो ते काय वाईट आहे? मी जेवण होईपर्यंत समजावलं. गाणारी उजवीकडे, ढोलकी डावीकडे, मधे मोकळी जागा. ती म्हणाली, आपल्या घरात मोकळी जागा कुठाय?
तांत्रिक प्रश्नाला हे उत्तर नव्हे.

२४ मार्च
जालन्याहून फोन. सासरे जयंतीला येणार. लग्नाआधी संघप्रियाचं गाणं त्यांनीच बंद पाडलं होतं. लोकांपुढं पोरीनं तोंड उघडायचं नाही म्हणे. तिला धड एकदाही ऐकलेलं नाही त्यांनी.
संध्याकाळी स्वतःच म्हणाली, कॅसेटवर नीट येईल ना? अण्णांना ऐकू जाऊ दे, एवढंच. मी म्हटलं, बिनधास्त राहा.

३१ मार्च
रेकॉर्डिंग. स्टिरिओचा जीव म्हणजे सेपरेशन. ढोलकी गाण्याच्या माइकमध्ये शिरता कामा नये. म्हणून मंडळाच्या भागीरथीबाईंना ढोलकीसकट स्वयंपाकघरात बसवलं. डावा माइक त्यांना. बायको बेडरूममध्ये, खिडकीला गोधडी. उजवा माइक तिला. एकीचं दुसरीला ऐकू येईना. मग मी पॅसेजमध्ये उभा राहून दोघींना हातानं ताल दिला. भागीरथीबाई म्हणाल्या, ताल देताय का डास मारताय?
मधेच कुकरच्या शिट्ट्या झाल्या. डावीकडे आल्यात. पुसणार नाही. याला ॲम्बियन्स म्हणतात.

१ एप्रिल
हेडफोन लावून ऐकलं. अंगावर काटा! उजव्या कानात नुसती संघप्रिया, डाव्यात नुसती ढोलकी, आणि गाणं बरोब्बर डोक्याच्या मधे. भागीरथीबाईंनी एकाच कानाला लावून ऐकलं आणि विचारलं, गाणं कुठाय? दोन्ही कानांनी ऐका म्हटलं, तर अंबाडा मोडतो म्हणाल्या.
सोडून दिलं. भोंग्यावर वाढलेले कान.

१३ एप्रिल
कळंबोलीहून तबरेज ट्रक घेऊन आला. एक स्पीकर डाव्या फुटपाथकडे तोंड करून लावला, दुसरा उजव्या. तबरेजला म्हटलं, दोघांत अजून अंतर पाहिजे. तो म्हणाला, ट्रक आहे साहेब, फाकवता येत नाही.
सासरे आले. जेवताना एक शब्द बोलले नाहीत. उद्या या माणसाचं तोंड उघडतं की नाही बघा!

१४ एप्रिल
मिरवणूक. दोन स्पीकरच्या मधोमध खुर्ची टाकून बसलो. डोळे मिटून ऐकलं. असा साउंड शिरवणे गावाच्या रस्त्यावर कधी झालेला नाही. डावीकडची माणसं बेभान नाचत होती. उजवीकडची नुसती उभी, ताल सापडत नसल्यासारखी. एकेका बाजूचा स्वभाव असतो.
संघप्रिया सासऱ्यांना घेऊन विहाराच्या पायरीवर उभी होती. डावीकडे. ट्रक समोर आला तेव्हा जिवाच्या आकांतानं मला काहीतरी खुणावत होती. खूश झाली असणार. मीपण हात हलवला. ट्रक पुढे गेला.
घरी आलो तर सासऱ्यांनी तोंड उघडलं. म्हणाले, पोरगी ढोलकी बरी वाजविती. पण चारचौघांत शिट्ट्या कामून मारती?
संघप्रिया रडली नाही. रडली असती तर परवडलं असतं.

१५ एप्रिल
सकाळी सासऱ्यांच्या कानाला हेडफोन लावायला गेलो. संघप्रियानं ते हातातून काढून घेतले आणि फ्रिजवर ठेवले. म्हणाली, अण्णा, बसा. भाकरी थापता थापता गायली. आख्खं गाणं. सासरे परातीकडे बघत बसले होते. तव्यावरची भाकरी करपली, कुणी हललं नाही. मग म्हणाले, पुन्हा म्हण. आवाज कापत होता त्यांचा. माझाही कापला असता, पण मला कुणी काही विचारलंच नाही. लाज वाटली. साफ लिहितो.
ती पुन्हा सुरू झाली. मी हळूच डेककडे सरकलो. गाणं न थांबवता तिनं पिशवी पुढे केली आणि दाराकडे बोट दाखवलं. भाजी.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बायका उभ्या राहून ऐकत होत्या. एकीनं ओठावर बोट ठेवून मला दटावलं.
मी काही बोललोच नव्हतो.