कुमानोच्या घाटातला पाऊण तास

माय, तू गेलीस त्याला आता चौदा वर्षं झाली. मी जपानात असते. म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात त्यांना उठवते, आंघोळ घालते, घास भरवते. निघताना नांदेडच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, एवढं नर्सिंग शिकून हेच करायचं होतं का? तू काय म्हणाली असतीस, हे मला अजून ठरवता येत नाही.

मागच्या महिन्यात मी कुमानोच्या वाटेनं चालायला गेले. डोंगर चढते, समुद्राकाठी उतरते, पुन्हा डोंगरात शिरते, अशी ही हजारभर वर्षांची यात्रेची वाट आहे. यात्रा म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडणार. आपल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारणींनी कुठं नवसाला बोलावलं की तू तोंडावर सांगायचीस, "देवाच्या पायऱ्या झिजवायच्या न्हाईत आपल्याला." तेव्हा आधीच सांगते, मी काही मागायला गेले नव्हते. आमच्या आश्रमात स्वयंपाक करणाऱ्या बाई आहेत, अडुसष्ट वर्षांच्या. त्यांना मरायच्या आधी एकदा तो घाट चढायचा होता आणि सोबतीला कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी मला भाषा येत नव्हती, तेव्हा माझ्याशी धड बोलल्या त्या एकट्याच. त्यांना नाही म्हणवलं नाही.

चढण चांगली झाली. मोठमोठे दगड बसवून केलेली वाट, दगडांवर हिरवं शेवाळ, दोन्ही बाजूंना सरळसोट झाडं. एका वळणावर दगडाचा छोटा बोधिसत्त्व होता, गळ्यात लाल फडकं बांधलेला. बाईंनी हात जोडले, मीही जोडले. तेवढं तू चालवून घेतलं असतंस. माथ्यावरून समुद्र दिसला. तिथंच बसून आम्ही भाताचे गोळे खाल्ले. उतरायला लागलो आणि झिमझिम सुरू झाली, मागून धुकं आलं. मी म्हणतेय, "हळू, हळू," आणि बाईंचा पाय सरकला. मागच्या मागं पडल्या. डोकं दगडाच्या कोरेवर आपटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"दाइजोबु, दाइजोबु," त्या म्हणत होत्या. म्हणजे काही नाही, ठीक आहे. पण पांढऱ्या केसांतून रक्त येत होतं आणि थांबत नव्हतं. बाई रोज सकाळी चहानंतर रक्त पातळ करायची गोळी घेतात, हे मला माहीत होतं. मी माझा पंचा घडी करून जखमेवर दाबला. दुसऱ्या हातानं फोन काढला, तर रेंज नाही. "तू खाली जा," बाई म्हणाल्या, "खाली फोन लागेल." त्यांची जीभ जड झाल्यासारखी वाटली. गेले तर जखम दाबणार कोण? थांबले तर कुणाला कळणार कसं?

आणि तेव्हा मला लोह्याकडची ती वस्ती आठवली, माय. मी अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी म्हणून तू मला तुझ्यासोबत एका बाळंतपणाला नेलेलं. बाळ झालंय, पण बाईचं रक्त थांबेना. घरात एक आंधळी सासू, बाकी सगळे रानात. तू माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवतेस. "हितं दाब. गोल चोळत ऱ्हा. मी सडकेवरनं जीप आणते. काय बी झालं तरी हात काढू नको." तू गेलीस. मी दाबत होते. मग तिनं डोळे फिरवले आणि मी पळाले, कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले. आंधळ्या सासूनं चाचपत येऊन सुनेचं पोट चोळलं, हे मला नंतर कळलं. तू जीप आणलीस आणि तिला दवाखान्यात पोचवलंस. घरी आल्यावर भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता म्हणालीस, "बाई वाचली म्हणून बोलायलेय. मेली असती तर तुला कधीच काही बोलले नसते." मी म्हटलं, "मला लई भ्या वाटलं." तू म्हणालीस, "मला बी वाटतं. रोज." आणि भाकरी तव्यावर टाकलीस.

घाटात पाऊण तास गेला. शेवटी खालून घंटी ऐकू आली. अस्वलं दूर राहावीत म्हणून इथले लोक पिशवीला घंटी बांधतात. मी मराठीतच ओरडले, "अहो, कोणी आहे का?" एक उतारवयाचा माणूस धुक्यातून वर आला, बघितलं आणि आल्या पावली पळत खाली गेला. माणसं आली, स्ट्रेचर आलं. डोक्याला नऊ टाके पडले, आत रक्त साचलेलं नव्हतं. तीन आठवड्यांनी बाई परत स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. आता येईल त्याला सांगतात, ही भारतातली मुलगी, हिनं मला एक क्षणही सोडलं नाही. सगळे माझ्यापुढं वाकतात, मीही वाकते.

माय, मी सोडलं होतं. त्यांचे डोळे मिटले, तेव्हा मी पंचा त्यांच्याच हाताखाली सरकवला आणि उठले. तीसेक पायऱ्या उतरले असेन. पुढं धुक्यात वाट दिसेना, पाय पुढं पडेना, म्हणून परत आले. मदत आणायला उठले होते की नुसतीच तिथून निघाले होते, ते खरंच मला सांगता येत नाही. बाईंना हे सांगितलेलं नाही, सांगेन असं वाटतही नाही. आणि तू असतीस, तर तुलाही हे पत्र मी टाकलं नसतं.