डावा दरवाजा

सोमवार, ३ तारीख
वरच्या सभागृहात सुधारणेचं विधेयक आलंय. पंच्याहत्तरीपुढच्या आजन्म सभासदांनी आता घरी बसायचं. हे अठ्ठ्याहत्तरचे. दुपारपासून येरझारा चालू आहेत. "आमच्या अनुभवाचं काय?" – मला चारदा विचारून झालं, भिंतीला दोनदा. म्हटलं, आणा तो अनुभव घरी, नळ कधीचा गळतोय.

सभासदत्व गेलं की हे सरकारी घरही गेलं. मागचं अंगण, पूर्वेच्या खिडकीतले माझे देव – सोळा वर्षं झाली. ते कुठे नेऊन मांडू?

मंगळवार, ४
शेजारचे घड्याळकाका आले. तेही त्याच सभागृहातले. दर वाक्याला घड्याळ बघतात, म्हणून मी ठेवलेलं नाव.
"वहिनी, निर्धास्त राहा. डोकी मोजून झालीत. विधेयक एका मताने पडतंय."
त्या मोजणीत यांचं डोकं धरलेलं.

माळ घेऊन बसले, पण मागणं ओठावर येईना. देवा, डुलक्या काढणाऱ्यांना तिथेच डुलक्या काढू दे – असं कोणत्या तोंडाने मागायचं?

शुक्रवार, ७
यांनी विरोधात भाषण करायचं ठरलंय. "अगं, तुझ्या हिशेबाच्या वहीत मागे माझ्या कामाची नोंद असते ना? वाच बघू. मुद्दे काढतो."

असते तर. सभेहून आले की विचारते, आज काय केलंत? सांगतील ते लिहिते. पैशाची नोंद ठेवायची आणि दिवसाची नाही, हे मला पटत नाही. वर्ष संपलं की मागचं धरून एकूण काढून शेवटच्या पानावर उतरवते. ते पान वाचलं. सोळा वर्षांत बोलले चार वेळा. एकदा वारलेल्या सभासदाला श्रद्धांजली. एकदा खिडकी लावा म्हणून. एकदा तीच खिडकी उघडा म्हणून. एकदा चहा गार मिळतो म्हणून. बाकी सगळं – सही करून आले, डोळा लागला, सही करून आले.

"एवढंच?"
"तुम्ही सांगितलंत तेवढंच."

भाषणाचा कागद कोराच राहिला. बसू देत फुगून. मी पदरचं काही घातलेलं नाही.

रविवार, ९
वहीचं ते पान फाडलंय! इतक्या वर्षांत माझ्या वहीचा कोपरासुद्धा कुणी दुमडला नव्हता. यांना विचारलं तर, "मला काय करायचंय तुझं पान?" म्हणजे हेच. लाज वाटली म्हणून चुलीत घातलं असेल. पान फाडलं म्हणून सोळा वर्षं का फाटतात?

थोरल्याचा फोन. "आई, वेळ आलीच तर आमच्याकडे या." मागून सूनबाई – "झोपवणार कुठे, तेही सांगा त्यांना." रागावणार कशी? दोन खोल्या, चार माणसं. खरं तेच बोलली.

सोमवार, १०
अबोला. मीठ मागायलासुद्धा खुणा.

गुरुवार, १३
विधेयक मंजूर. एका मताने. यांच्या.

घंटा झाली की होकारवाल्यांनी डाव्या दरवाजाने बाहेर पडायचं, नकारवाल्यांनी उजव्या. दाराशी कारकून मोजतो. एकदा मोजलं की मोजलं. हे डाव्या दरवाजाने गेले. का? तर लघवीची घाई झाली आणि मुतारी त्या बाजूला!

घड्याळकाका उंबऱ्यातूनच बोलले, "वहिनी, पुढच्या वेळी यांना हाताला धरून आणा." मग पुढची वेळ नाही हे त्यांचं त्यांनाच आठवलं आणि घड्याळसुद्धा न बघता गेले.

"जरा दम धरवला नाही?" मी विचारलं.
"वय झालं गं."
"हेच तर ते विधेयकवाले सांगत होते."

तीन महिन्यांत घर सोडायचंय. आणि हे आज दोन घास जास्तच जेवले. माणसाला काही वाटायला हवं की नको?

शनिवार, १५
खोकी आणली. जप दोनदा चुकला. देवांना कोणत्या खोक्यात घालायचं ते ठरेना.

सोमवार, १७
यांचा सभेचा कोट आता लागायचा नाही, म्हणून झटकून ट्रंकेत ठेवायला घेतला. आतल्या खिशात माझ्या वहीचं पान. चार घड्या घातलेलं. घड्या विरल्यात, इतकं उघडमीट केलेलं. मागच्या बाजूला यांच्या थरथरत्या अक्षरात दोन ओळी –

होकार – डावा दरवाजा.
घंटेच्या आधी लघवीला जाऊन येणे.

डिंक लावून पान होतं तिथे चिकटवलं. खाली एका ओळीची जागा होती. गुरुवारची तारीख घातली आणि लिहिलं – आज काम केलं.