भाट्याच्या मैदानाचा डावा कोपरा

"बूट श्रीमंतांचे, पाय आपले." हे वाक्य माझे वडील कै. हरिश्चंद्र पिलणकर, आमचे अण्णा, १९९६ साली आमच्या पडवीत बोलले. मी सतरा वर्षांची होते आणि बूट घेऊन यायला सांगणारं राज्याच्या कबड्डी शिबिराचं पत्र माझ्या हातात होतं. शिबिराला मी गेले नाही. ते वाक्य मात्र जन्मभर जवळ ठेवलं. मागे काय ठेवते आहे हे लिहायला बसले, तर सगळ्यात आधी तेच पुढे आलं.

मी मृणाली हरिश्चंद्र पिलणकर, वय ४६, अविवाहित, शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, राहणार भाट्ये, ता. जि. रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला माझी शस्त्रक्रिया आहे. काळजीचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले, पण ते दोनदा म्हणाले. माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. भाट्ये येथील राहतं घर माझा धाकटा भाऊ दर्शन याला द्यावं. त्याने २०१४ साली माझ्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं आणि त्याबद्दल एकदाही बोलून दाखवलं नाही. तो डोंबिवलीला असतो. घर विकायचं असेल तर विकावं, माझी हरकत नाही. आंब्याची तीन कलमं घरामागे आहेत, त्यांतलं विहिरीजवळचं तेवढं तोडू नये. मुली त्याच्या सावलीत डबे खायच्या.

कलम २. घरालगतची नऊ गुंठे मोकळी जागा, जिला वाडीत "बाईंचं मैदान" म्हणतात, ती दर्शनला मिळणार नाही. तिची व्यवस्था कलम ५ मध्ये आहे. तिथवर येण्याआधी ते मैदान काय आहे ते सांगणं भाग आहे, कारण कागदावर ती नुसती बिनशेती जागा दिसते.

आमच्याकडे पाऊस संपला की घराचं अंगण नव्याने करतात. माती पसरायची, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून जमीन घट्ट करायची, वर शेणाचा सडा. मी मैदान तसंच करत आले. दर नवरात्रात वीस-बावीस मुली ओळीने उकिडव्या बसून चोपायच्या. एकमेकींना चिडवायच्या, की तुझा ठोका म्हणजे भाकरी थापल्यासारखा. शेवटी राही सगळ्या मैदानावरून अनवाणी चालायची आणि थांबून सांगायची, "बाई, इथे कच्ची हाय." तिथे बोट दाबलं की खरंच रुतायचं. तिच्या पायाला कळायचं.

राही संदेश कीर. माझी डाव्या कोपऱ्याची खेळाडू. चढाईला आलेल्या मुलीचा घोटा ती असा धरायची की धरल्यावर मग त्या मुलीला समजायचं.

मी सगळ्या मुलींना अण्णांचं ते वाक्य शिकवलं. वीस वर्षं, सरावाआधी, रांगेत उभं करून. त्या एका सुरात म्हणायच्या आणि मला भरून यायचं.

कलम ३. श्री. आत्माराम नार्वेकर, बर्फाच्या कारखान्याचे मालक, यांना माझ्या मालमत्तेतलं काही देता येण्यासारखं नाही. त्यांना त्याची गरजही नाही. त्यांच्या बाबतीत मी फक्त नोंद करते. २०१८ च्या दिवाळीनंतर ते माझ्या पडवीत आले होते. मैदानाला मॅट आणि बारा जोड बूट देतो म्हणाले. आता सगळे सामने मॅटवर होतात, मुलींना सवय हवी, हेही त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं, बदल्यात काय, तुमच्या बर्फाची पाटी? ते हसले आणि म्हणाले, "पाटी नको तर नको, बाई. पोरींच्या पायांत घाला म्हंजे झालं." मी त्यांना अण्णांचं वाक्य ऐकवलं. मुली समोर होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्मारामशेठ चहा अर्धा ठेवून उठले.

त्यानंतर तीन महिन्यांनी राज्याची निवड चाचणी होती, मॅटवर. तिथे अनवाणी उतरू देत नाहीत. राहीने दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीचे बूट मागून घेतले. एक नंबर मोठे होते. पुढे वर्तमानपत्राचे बोळे मी स्वतः कोंबले. मातीत पाय सरकतो, तिची सगळी पकड त्या सरकण्यावर होती. मॅटवर बूट जागच्या जागी राहिला आणि ती वळली. गुडघ्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी हळहळून मला सांगितलं, मुलीत जिद्द आहे, पण तयारी कमी पडली.

मुंबईतल्या इस्पितळाचा खर्च आत्मारामशेठनी केला. कुठे बोलले नाहीत. मला हे चार वर्षांनी राहीच्या आईकडून कळलं. मी अजून त्यांच्या समोर गेलेले नाही. हे वाचाल तेव्हा, शेठ, माझं चुकलं.

कलम ४. माझी पदकं, चषक आणि सत्कारात आलेल्या शाली कोणालाही द्याव्यात. गेल्या वर्षी मिळालेली भगवी शाल देऊ नये, जाळावी. माझ्याकडे दोन वर्षं खेळलेली शमिका भारताच्या संघातून सुवर्णपदक घेऊन आली, त्या सत्काराची ती आहे. पाहुणे बोलले, की बघा, कोकणच्या मातीत जिद्द आहे, पैशावाचून पोरगी कुठल्या कुठे पोचली. शमिका माझ्या शेजारी बसली होती. माझ्यानंतरची सहा वर्षं एका कंपनीच्या संघाने तिला पगार दिला, अंडी-दूध दिलं, खांदा दुखला की चोळायला माणूस दिला. ती माझ्या कानात म्हणाली, "बाई, उठून सांगू काय यांना?" मी तिला गप्प बसवलं. अजून त्याची लाज वाटते.

पैसा ओतला की पदक येतं, असं मी म्हणत नाही. मॅटची घडीसुद्धा न उघडलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. पण पहाटे पाचला भाट्याच्या समुद्रकाठी पुळणीवर धावणाऱ्या मुलींना जिद्द कोणी शिकवावी लागत नव्हती. ती त्यांच्याकडे होतीच. ती फुकट मिळते, म्हणून जो तो तेवढीच मागतो. पदक आलं की जिद्दीचं भाषण होतं. गुडघा गेला की तयारी कमी पडलेली असते. या भाषणांत माझंही एक होतं, आणि ते मी रोज करत होते.

माझी आई सोनूबाई जाण्याआधी काही महिने जुनं जुनं बोलायची. मी शिबिराचं पत्र जपून ठेवलं होतं, ते तिच्या हाती लागलं. मी म्हटलं, अण्णांच्या तत्त्वामुळे गेले नाही. ती म्हणाली, "अगो, कसलं तत्त्व? त्याच्या खिशात गाडीभाडं नव्हतं. बूट कुठून आणणार होता? पोरीसमोर काय सांगणार मग." हे २०२१ साली. राहीचा गुडघा जाऊन दोन वर्षं झाली होती.

एका शरमलेल्या माणसाने वेळ निभावायला काढलेलं वाक्य होतं ते. मी त्याची प्रार्थना केली.

कलम ५. वर लिहिलेली नऊ गुंठे जागा, माझा भविष्यनिर्वाह निधी व बँकेतली सर्व शिल्लक राही संदेश कीर, वय २४, सध्या मिरजोळे येथे एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला, हिला द्यावी. कोणतीही अट नाही. मैदान चालवलं पाहिजे असं नाही. तिला तिथे घर बांधायचं असेल, नारळ लावायचे असतील, तिने लावावेत. ती घेणार नाही म्हणेल. तेव्हा या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून दर्शनने तिला सांगावं, की हे बक्षीस नाही, नुकसानभरपाई आहे, आणि तीही अपुरी.

मी तिला भेटायला दोनदा कारखान्याच्या फाटकावर गेले होते. पहिल्यांदा ती मागच्या दाराने निघून गेली. दुसऱ्यांदा थांबली. डावा पाय जरा बाहेर टाकून उभी राहते आता. मी आईने सांगितलेलं सगळं सांगितलं, अण्णांचं, गाडीभाड्याचं. मला वाटलं होतं रागावेल. तिने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "पाय आपले नव्हते, बाई. माझे होते." मग शेअर रिक्षात बसली.

कलम ६. माझं चोपणं दर्शनने ठेवावं. त्याच्या घरात त्याला काम नाही, तरी ठेवावं.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करून पुरं केलं.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ८ सप्टेंबर २०२५

सही: मृणाली हरिश्चंद्र पिलणकर

साक्षीदार:
१. दिशा हर्षद सावंत, सहशिक्षिका, रत्नागिरी
२. ओमकार बाळा शिवलकर, शेजारी, भाट्ये

सहीखाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नाही, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून हे इथे लिहिते.

राही, याची एक प्रत मी तुला आत्ताच पाठवते आहे. मी आत्मारामशेठना चिठ्ठी लिहिली, भेटायचा धीर झाला नाही. ते मॅट आणि बूट द्यायला अजून तयार आहेत. जागा तुझी होईपर्यंत तरी मुली खेळतील, बूट घालून. पण मॅटखालची जमीन आधी चोपावी लागेल, आणि कच्ची कुठे राहिली ते मला कळत नाही, या मुलींनाही कळत नाही. वरून मॅट पडली की दिसणारही नाही. मग कुणाचा तरी पाय तिथेच वळेल.

नवरात्रातल्या पहिल्या रविवारी चोपणी आहे. मी तेव्हा इस्पितळात असेन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. तू नाही म्हणशील, हे मला ठाऊक आहे. तरी एकदा येऊन मैदानावरून चालशील का?