वेगवान सायकलीवर माझ्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट घालू देण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
वेगवान सायकल व शिरस्त्राण समन्वय कक्ष,
नगरपालिका, वेस्टरवार्ड

अर्जदार: रेन्स्का होखलांड, नोंदणीकृत प्रसूतिसेविका

विषय: समितीने मंजूर केलेल्या शिरस्त्राणाऐवजी स्वतः निवडलेले हेल्मेट वापरण्यास परवानगी मिळणेबाबत (तातडीचे).

संदर्भ: १) आपले मनाई-पत्र, दि. १० फेब्रुवारी. २) याच विषयावरचे माझे तीन अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर नाही.

महोदय,

१. गेली एकोणीस वर्षे मी या भागात घरोघरी जाऊन बाळंतपणे करते. गेल्या वर्षी आपल्या योजनेतून मला विजेची वेगवान सायकल मिळाली आणि अटीप्रमाणे मी माझी मोटार विकली. ताशी पंचेचाळीसपर्यंत जाणारी ही सायकल उत्तम आहे, त्याबद्दल मनापासून आभार. तक्रार सायकलीची नाही, डोक्याची आहे.

तातडीचे कारण असे. ओस्टरकाख येथील श्रीमती लोटे यांचे दिवस भरले आहेत (नाव त्यांच्या संमतीने लिहीत आहे). त्यांचे पहिले मूल कळा सुरू झाल्यापासून तासाभरात झाले; दुसरे त्याहून लवकर होईल हे सांगायला प्रसूतिसेविका लागत नाही. अंतर अठरा किलोमीटर. वेगवान सायकलीने सव्वीस मिनिटे लागतात. आपल्या मनाई-पत्रानंतर मी माझ्या आईची जुनी सायकल चालवते. वारा समोरून असला की तिच्यावर एक तास पाच मिनिटे.

२. शिरस्त्राण निवडणाऱ्या समितीचे इतिवृत्त मी वाचले. आपल्याकडे सर्वांचे एकमत झाल्याशिवाय कचेरीतली कॉफीची किटलीही बदलत नाहीत, तेव्हा चौदा बैठका झाल्या यात नवल नाही. एका सभासदाला हवा लागावी म्हणून छिद्रे हवी होती, दुसऱ्याला पाऊस लागू नये म्हणून ती नको होती. तडजोड म्हणून बारा छिद्रे आणि त्यांना बारा झाकणे ठरली. रंग कुणाच्या मनाला लागू नये म्हणून राखाडी. माप म्हणाल तर सातही सभासदांची डोकी मोजून सरासरी काढली: छप्पन्न सेंटिमीटर. माझे साठ आहे. त्या सात डोक्यांबद्दल मला आदर आहे, पण ती मला घालता येत नाहीत.

सोयीची चाचणीही झाली. सभासदांनी शिरस्त्राण घालून पन्नास मिनिटे खुर्चीत बसून कॉफी घेतली, सोबत प्रत्येकी एक बिस्किट. कुणालाही त्रास झाला नाही. खुर्ची ताशी पंचेचाळीसने धावत नाही, ही बाब इतिवृत्तात आलेली नाही. याला आमच्यात उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

३. तरीही मी ते शिरस्त्राण पाच आठवडे घातले. पहिल्या दिवशी कपाळावर वळ उठला, तिसऱ्या दिवशी डोके ठणकू लागले. वेग तिशीच्या पुढे गेला की झाकणे शिट्टी वाजवतात. पाणी अडवणाऱ्या बांधावरच्या रस्त्याने जाताना तिथल्या गाई कुंपणाशी धावत येतात, आणि मला मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. जोराच्या वाऱ्यात ते मागे सरकते आणि सगळे कपाळ उघडे पडते. नाकापेक्षा मोती जड म्हणावे, तर इथे मोती नाकावर टिकतही नाही.

४. म्हणून सायकलींचे दुकानदार श्री. वीबे यांच्याकडे एक सबंध दुपार बसून मी अकरा हेल्मेटे घालून पाहिली. त्यांची पद्धत आपल्या कक्षाच्या उपयोगी पडावी म्हणून लिहिते. आधी टेप लावून डोके मोजायचे, ज्याचे त्याचे. मग पट्टा न लावता मान जोरात हलवायची. हेल्मेट डोक्याबरोबर हलले तर पुढे बोलायचे. भुवईच्या वर दोन बोटांपेक्षा जास्त जागा उरता कामा नये. वेगवान सायकलीच्या हेल्मेटाने कानशिले आणि मानेवरचा भागही झाकला पाहिजे. आणि शेवटी ते घालून अर्धा तास दुकानात वावरायचे, कारण बोचणारे हेल्मेट माणूस चार दिवसांनी खुंटीला लावतो. अकरावे हेल्मेट मी घातले आणि घातले आहे हे विसरले. त्यावर वेगवान सायकलींसाठीचा सरकारी शिक्का आहे. आपल्या यादीत ते नाही, कारण यादीत एकच नाव आहे.

त्याची एक अडचण प्रामाणिकपणे नोंदवते. आपल्या देशात सगळे सायकलीवर, पण हेल्मेट घालणारा एकतर शर्यतीतला, नाहीतर सुट्टीवर आलेला जर्मन पाहुणा. एका घरी आतून कळांचा आवाज येत असताना आजोबांनी मला दारातच अडवले आणि म्हणाले, "बाई, पर्यटकांच्या तंबूंचं मैदान पुढच्या वळणावर. आमच्याकडे आज जरा गडबड आहे." गैरसमज दूर करण्यात दोन मिनिटे गेली.

५. दि. ३ फेब्रुवारी रोजी बांधावरच्या रस्त्यात गुरे अडवायला बसवलेल्या ओल्या लोखंडी जाळीवर चाक घसरले. वेग एक्केचाळीस होता. मी डाव्या अंगावर पडले आणि माझ्या या हेल्मेटाला बरोबर कानशिलावर तडा गेला. मंजूर शिरस्त्राण तिथपर्यंत पोचतच नाही. मी उठले, लंगडत पुढे गेले, बाळंतपण केले. मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरायचे नसते म्हणून दुसऱ्या दिवशी तसेच नवे घेतले, आणि सरळपणे आपल्याला कळवले. आपला निर्णय आला तो असा: नामंजूर हेल्मेट म्हणजे उघडे डोके, उघड्या डोक्याने एक्केचाळीसच्या वेगात पडून इजा न होणे संभवत नाही, सबब अपघात झाल्याचे मान्य करता येत नाही. मात्र त्याच अपघातात नियमभंग झाल्याचे मान्य करून सायकल वापरण्यास मनाई. महोदय, मी पडले की नाही, हे कृपया एकदा ठरवावे. माझ्या बरगड्यांनाही ते हवे आहे.

६. आईच्या साध्या सायकलीवर मात्र हेल्मेटाची सक्ती नाही, त्यामुळे सध्या मी बोडक्या डोक्याने फिरते आणि आपल्या दफ्तरी पूर्ण सुरक्षित आहे. दि. १७ रोजी मी पोचले तेव्हा बाळ आधीच आले होते. गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. बापाने फोनवर माझे ऐकत तो सोडवला, आणि मी रस्त्यात सायकल थांबवून फोनमधून बाळ रडण्याची वाट पाहत होते. रडायला फार वेळ लागला. एकोणीस वर्षांत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. तो बाप मला म्हणाला, "तुम्ही होतात कुठे?" याचे उत्तर आपल्या कक्षाकडे आहे.

सबब विनंती की मनाई उठवून मला माझे हेल्मेट घालू द्यावे. समितीची पंधरावी बैठक एप्रिलात आहे असे कळते. लोटेबाईंना एप्रिलपर्यंत थांबण्यास सांगणे माझ्या अधिकारात नाही.

तसदीबद्दल क्षमा असावी.

आपली नम्र,
रेन्स्का होखलांड
दि. २४ फेब्रुवारी

सोबत: १) तडा गेलेले हेल्मेट. २) मंजूर शिरस्त्राण, झाकणे नऊ (तीन वाऱ्याने नेली). ३) श्री. वीबे यांचे माझ्या डोक्याच्या मापाचे पत्र.

ता. क. सही करून खोके बांधत होते, तेवढ्यात लोटेबाईंच्या नवऱ्याचा फोन आला. कळा चार-चार मिनिटांनी येत आहेत. वारा समोरून आहे. मी वेगवान सायकल बाहेर काढली आहे आणि माझे हेल्मेट घातले आहे. खोके शेजारच्या बाई आणून देतील. तरी हा अर्ज परवानगीसाठी नसून माहितीसाठी आहे असे समजावे. दंडाचे पत्र ओस्टरकाख, बांधावरचे शेवटचे घर, येथे पोचवावे. संध्याकाळपर्यंत मी तिथेच आहे. फक्त दाराची घंटा वाजवू नये. बाळ-बाळंतीण झोपलेली असतील.